आंब्यातला खिळा

लढाई चालली होती तिकडं सातासमुद्रापलीकडं, आणि झाडं पडत होती आमच्या खोऱ्यातली. दारूगोळ्याच्या पेट्यांना आंब्याचं लाकूड चालतं, असा शोध कुणा साहेबाला लागला आणि पाटणच्या वरच्या अंगाला त्रेचाळीस साली लोणच्याचे आंबे संपले.

पाडलेले ओंडके कापायला आकाराम आणि सिद्धू अशी जोडी होती. माणूसभर खोल खड्डा, खड्ड्यावर आडवा ओंडका, ओंडक्यावर आकाराम, खड्ड्यात सिद्धू आणि दोघांच्या मधे पुरुषभर लांबीची करवत. एकानं वर ओढायची, एकानं खाली. वीस वर्षांत आकारामनं आभाळ पाहिलं आणि सिद्धूनं आकारामचे तळपाय पाहिले. भुसा सगळा खालच्याच्या वाट्याला यायचा. "मी मेल्यावर जाळू नगा रं," सिद्धू म्हणायचा, "चिरा. एक कपाट निघंल."

या धंद्यात झाड पाडण्याआधी गावातल्या म्हाताऱ्यांना एक प्रश्न विचारायचा असतो : खिळा हाय का? आमच्याकडं कुणाला झपाटलं की देवऋषी ते भूत काढतो आणि झाडाला खिळा मारून तिथंच अडकवून ठेवतो. झाड वाढतं, साल खिळ्यावरून फिरते, आणि भूत आत सुखानं नांदतं. मग एक दिवस करवत येते. एका खिळ्यापायी सात-आठ दात जातात, आणि लढाईमुळं नवी करवत सांगलीच्या पेठेतही मिळेना. गाव भुताला भ्यायचं. करवतवाले खिळ्याला भ्यायचे.

ओढ्याकाठच्या आंब्याविषयी मात्र आकारामला कुणाला विचारावं लागलं नाही. त्यातला खिळा त्याच्या घरचाच होता.

सतरा वर्षांमागं त्याचं आठ महिन्यांचं पोर तापानं गेलं. त्याची बायको चंद्राबाई तेव्हापासून ओढ्यात कमरेइतक्या पाण्यात बसायची आणि दोन्ही हातांनी पाणी झुलवायची. जेवण नाही, बोलणं नाही. माणदेशातून मेंढरं घेऊन आलेल्या बिराप्पा देवऋषीनं तिला आंब्याला टेकवून बसवलं आणि आकारामला पाठ फिरवून उभं केलं. तीन घाव ऐकू आले. चंद्राबाई उठली, घरी गेली आणि भाकरी थापायला बसली. तेव्हापासून तक्रार नाही. रडणं नाही, तसं हसणंही नाही. पण ते आमच्या गावात तक्रारीत धरत नाहीत.

आकारामनं मुकादमाला गाठलं. "भाऊसो, ह्यो एक आंबा सोडा. खिळा हाय."

"मग बरंच झालं की," भाऊसो म्हणाला. "पेटीला खिळं लागत्यातच."

"माझ्या बायकोचा हाय."

"सरकार बाई-बाप्या बघत न्हाई गड्या."

आंबा पडला. आकारामनं गेरूत भिजवलेली दोरी ओंडक्यावर ताणून रेघा मारल्या, त्या अशा की खिळा कडेच्या फळीत राहावा. ती फळी न चिरता तशीच न्यायची आणि घराच्या आढ्याला घालायची, असं त्यानं ठरवलं होतं. खिळा लाकडातून सुटला नाही पाहिजे, एवढंच.

दुपारी चंद्राबाई भाकरी घेऊन आली. पडलेल्या आंब्याकडं तिनं पाहिलं.

"निगला का?"

"अजून न्हाई."

"निगला की दावा."

एवढंच बोलून ती गेली. 

कडेची फळी सुटली. आकारामनं ती उलटसुलट केली, कुऱ्हाडीच्या पाठीनं बोटाबोटावर ठोकून पाहिली. सगळीकडं लाकडाचाच आवाज. मग दुसरी फळी, तिसरी. करवत लोण्यातून जावी तशी चालली होती. खाली सिद्धू खुशीत होता. "वाचली रं करवत!" वर आकाराम प्रत्येक हाताला आणखी काळा पडत होता. जगात करवत अडावी म्हणून नवस बोललेला तो पहिलाच माणूस असावा.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत सगळा आंबा फळ्या होऊन पडला. खिळा नव्हता. बिराप्पानं नुसतंच ठोकलं होतं.

"आरं, लबाड म्हातारा!" सिद्धू खड्ड्यातून वर येत हसला. मग आकारामचं तोंड बघून थांबला. "वैनीला काय सांगतूस?"

"निगाला म्हनून सांगतो. तू व्हय म्हन."

बैलगाड्या जिथं सुटत, तिथल्या धुळीतून आकारामनं एक खिळा हुडकला, चिखलात घोळवला आणि धोतराला पुसला. चंद्राबाई आल्यावर तिच्या हातावर ठेवला. तिनं तो बोटात फिरवला.

"आवं, ह्यो बैलाच्या खुराच्या पत्रीचा हाय."

"बिराप्पाकडं तसलाच असंल."

"सतरा वरसं झाडाच्या पोटात हुता, आन् डोस्कं रस्त्याला घासून चकाकतंय?"

सिद्धूनं 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

"न्हवताच गं," आकाराम म्हणाला. "सगळा आंबा चिरला. खिळा मारलाच न्हवता."

चंद्राबाई फळ्यांच्या थप्पीवर टेकली. आकाराम तिच्या हातांकडं बघत होता. ते आता झुलायला लागतील, असं त्याला वाटत होतं. हात मांडीवर पडून राहिले.

"मंग मला इतकी वरसं कुनी धरून ठिवलं हुतं?"

सिद्धू अंगावरचा भुसा झटकायला लागला.

"मीच व्हय," ती म्हणाली. "आन् मी त्या खिळ्याला भिऊन एकदाबी रडले न्हाई."

थोड्या वेळानं तिनं वर पाहिलं. "आता पोराचं नाव घ्या. बिराप्पा म्हनला हुता, घरात नाव काडलं तर खिळा ढिला हुईल. आता खिळाच न्हाई. घ्या."

आकारामनं तोंड उघडलं. सतरा वर्षं त्यानं तो नेम इतक्या काटेकोरपणे पाळला होता की मनातसुद्धा नाव घेतलं नव्हतं. त्याला पोराचं जावळ आठवलं, गळ्यातला काळा दोरा आठवला. नाव येईना. चंद्राबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि तिला कळलं.

"सयाजी," खड्ड्याच्या काठावरून सिद्धू हळूच म्हणाला. "बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी."

चंद्राबाई सिद्धूकडं तोंड करून बसली आणि रडली. आकारामकडं तिची पाठ होती.  दुसरा ओंडका खड्ड्यावर चढवलेला होता, त्यावर तो जाऊन बसला. मुकादम येऊन ओरडून गेला. दुपारनंतर दोघांनी एक फळी कापली, ती रेघ सोडून पार वाकडी गेली. भाऊसोनं ती पेट्यांच्या फळ्यांच्या ढिगातून बाजूला काढली.