मस्कतच्या कॅसेटची दुसरी बाजू

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. खरं तर आम्ही दोघे जुळे भाऊ. पण दुसरा माझ्याच सुरात बोलतो, म्हणून मी एकट्यानं सांगितलं तरी चालेल.

आमचा जन्म महाडचा, एकोणीसशे ब्याण्णव सालचा. उबेदचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचा थोरला भाऊ रमजान मस्कतला नोकरीला गेला आणि तिथून आपला आवाज भरून कॅसेटी पाठवू लागला. सुट्टीवर येणाऱ्या कोणाच्याही बॅगेतून कॅसेट घरी पोचायची. पण घरच्या टेपचा आवाज बारीक आणि आई कानांनी अधू. म्हणून उबेदनं मुंबईहून सुटे स्पीकर आणले आणि पोलादपूरच्या सहदेव सुताराकडून सागाच्या उरल्यासुरल्या फळ्यांच्या दोन पेट्या करून घेतल्या.

सहदेवला एक गोष्ट काही पटेना. "उबेदभाय, चांगल्या पेटीला मागं भोक कशाला? उंदीर जाईल ना!"

"जाऊ दे रे. हवा खेळली की आवाज भरून येतो."

आणि आवाज खरंच असा भरून आला की विचारू नका! माजघराच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून आम्ही बोलू लागलो की अंगण दुमदुमायचं. शेजारीपाजारी कौतुक करायचे. मीही तेव्हा जरा चढूनच गेलो होतो.

त्या घरची एक रीत होती. कॅसेटची पहिली बाजू सगळ्यांची. तिच्यात आईची विचारपूस, मुलीचा अभ्यास, गावच्या चौकशा. दुसरी बाजू फक्त बायकोची, नुरजहाँची. पहिली बाजू संपली की उबेद कॅसेट काढून मुकाट्यानं वहिनीच्या हातात द्यायचा आणि कोणी चकार शब्द काढत नसे.

पण ती बाजू तिनं ऐकायची कशी, याचा विचार कोणीच केला नव्हता. मला हळू बोलताच येत नव्हतं. आवाज कमी केला की माझी नुसती घुमघुम व्हायची, शब्द कळायचे नाहीत. वाढवला की सगळं अंगण श्रोता. एका दुपारी घर रिकामं बघून तिनं धीर केला. रमजानचं "नुरजहाँ, ऐक" एवढंच झालं असेल, तोच एरवी चार हाका मारल्या तरी न ऐकणाऱ्या सासूबाई मागच्या दारातून ओरडल्या, "रमजान आला काय गो? मला सांगितलं पण नाय!"

नुरजहाँनं घाईघाईनं टेप बंद केला. त्यानंतर प्रत्येक कॅसेट पहिली बाजू वाजली की तिच्या ट्रंकेत जायची. ती ट्रंकेचं झाकण लावताना मला फार वाईट वाटायचं.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. रमजान कायमचा परत आला, पण घशाच्या आजारानं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज मात्र गेला. तो ओटीवर बसून खुणांनी बोलायचा. कॅसेटीही मागे पडल्या. आमच्यावर धूळ साचली. उंदीर नाही, पण पाल मात्र माझ्या पोटात राहून गेली.

मग रमजान-नुरजहाँच्या मुलीनं, नाझियानं, कॉम्प्युटर घेतला आणि आम्हाला पुसून टेबलावर मांडलं. पहिल्याच दिवशी पडद्याच्या दोन्ही कडा जांभळ्या झाल्या! उबेद हसला. "ह्यांच्यात चुंबक हाय गो. हातभर लांब ठेव."

आता ऐकणारा आमच्या पुढ्यातच बसणार होता, त्यामुळे काका-पुतणीनं आमच्या जुन्या सवयी मोडल्या. भिंतीपासून पुढे ओढलं. मागच्या भोकात जुना पायमोजा कोंबला. टेबल घुमू नये म्हणून खाली चपलेचं रबर लावलं. पाचर घालून तोंडं बसणाऱ्याच्या कानांकडे वळवली. आयुष्यात पहिल्यांदा मी हळू बोललो आणि शब्द न् शब्द कळला.

नाझिया जुना टेप जोडून कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये भरू लागली. "अम्मी, दुसऱ्या बाजू पण भरू?"

"त्या नको. त्या माझ्या हायत."

नाझियानं आईकडे पाहिलं. मग कॅसेट उलटी घातली, बटण दाखवलं. "आवाज एवढाच ठेव. दाराबाहेर जाणार नाय." आणि ती काकाला घेऊन बाहेर गेली.

नुरजहाँनं बटण दाबलं नाही. ती ओटीवर गेली आणि रमजानला हाताला धरून आत घेऊन आली. त्याला शेजारी बसवलं, मग बटण दाबलं.

"नुरजहाँ, ऐक. जेवलीस काय? सगळ्यांना वाढून तू उभ्यानंच खाणार, मला ठाऊक हाय. हिकडं लोक विचारतात, घरची आठवण येते काय? मी नाय म्हणतो. खोटं बोलतो गो. तुला येते काय माझी? सांग. मी थांबतो."

आणि तो खरंच थांबला. टेप फिरत राहिली. पूर्वीचा मी असतो तर ती जागा घुमघुमीनं भरून टाकली असती. त्या दिवशी मी गप्प राहू शकलो. रमजाननं मान खाली घातली होती.

"येते ना," नुरजहाँ त्याच्याकडे बघून म्हणाली. "तवा पण यायची. आता तुम्ही समोर बसलाव, तरी येते."

टेपमधला रमजान हळूच हसला. "बरं. ऐकलं मी."

समोरच्या रमजाननं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, ओलीपासून आम्हाला जपा. सागाच्या पेटीला तेवढं पुरतं. पण तुमच्या घरात कोणी काही विचारून थांबलं असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि उत्तर द्या.