न नासणारं लोणी

साहेब, त्या गुहेच्या तोंडावर 'शुद्ध व आरोग्यदायी' असा शिक्क्याचा फलक तुमच्याच आरोग्य कचेरीने ठोकला. ठोकताना आत कुणी डोकावलं होतं का?

त्या सकाळीही डोंगरावरच्या बर्फाच्या गुहेपुढे किरगीझ बायांची रांग होती. बहुतेक पोटुशा. राखणदार ओस्मोन याकच्या लोण्याचं भांडं उंच धरून ओरडत होता, "चाळीस दिवस बर्फात! लावा नाक! येतोय वास? इथं रोगच गारठून मरतो! एक चमचा, की पोटातलं पोर घट्ट! पण कढवायचं नाही हं, कढवलं की बरकत उडाली!"

गावच्या दवाखान्यातली सुईण कलबूबू धापा टाकत चढ चढून आली. तिची धाकटी बहीण बुरुलाई रांगेच्या तोंडाशी होती, सातव्या महिन्यातली. गेल्या साली हेच लोणी खाल्ल्यावर बुरुलाईला दोन दिवस ताप आला आणि पोटातलं पोर निपचित झालं. "तिचंच मन मळकं होतं, लोणी नाही," ओस्मोन म्हणाला होता. म्हणून सासूने पुन्हा आणली होती.

कलबूबूने बरणी पुढे केली. "ओस्मोन, हे हुंग. हेही चाळीस दिवसांचं."

"वा, ताजं! कुठल्या पिराचं?"

"दवाखान्याच्या फ्रिजचं. दूध तेच, दिवस तोच."

मागून एक म्हातारी खिदळली, "मग फ्रिजलाच नवसाची चिंधी बांधू की!"

ओस्मोन सावरला. "म्हणजे दोन्ही शुद्ध!"

"दोन्ही जीवघेणी." तिने प्रयोगशाळेचा कागद उलगडला. "लोणी नासवणारे जंतू थंडीत गारठतात, म्हणून वास नाही. हा एक गारठत नाही. पहिल्या दिवशी चिमूटभर होता, चाळिसाव्या दिवशी बुजबुजलाय. आईला नुसता ताप येतो, मरतं ते पोटातलं. आपल्या आया लोणी कढवायच्या, त्यात हा मरायचा. ह्या बाबाने नेमकं तेवढंच बंद केलं!"

सासू पुटपुटली, "पण पोरी, वास तर..."

"नाकाला जंतू कळत नाही, मावशी! दूध उकळा, लोणी कढवा, डोकं वापरा."

बुरुलाईने हातातला चमचा दाखवला. लख्ख चाटलेला.

"एजे," ती थोरल्या बहिणीला हाक मारत म्हणाली, "मी मघाशीच खाल्लं गं."

आता कलबूबू तिला रोज इंजेक्शन टोचते आणि दिवसातून चारदा तिच्या पोटावर कान ठेवते.

साहेब, पोटातली पोरं गेलेल्या चार आयांची नावं लिहून तिने वसंतातच तुम्हाला पत्र धाडलं होतं. पोचपावती तिच्याकडे आहे. फलक अजून तिथेच आहे.

का? उत्तर द्या.