फुलांच्या पाठीमागे

मित्रांनो, या खोलीत शिरलात की तुमची नजर भिंतीवरच्या निळ्या फुलांवर जाईल. त्या फुलांच्या मागे चिकटलेला मी एक जुना अस्तराचा कागद आहे. कोरा, जाडसर, ना रंग ना नक्षी.

आमचं वैर दुकानापासूनचं. फुलांच्या कागदाची गुंडाळी काचेत मिरवायची, मी खालच्या फळीत धूळ खायचो. गिऱ्हाईक तिला कुरवाळायचं आणि मला पायाने सरकवायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग आम्ही दोघं एकाच घरी आलो. तिथे दोन बहिणी राहायच्या. धाकटीचे पाय अपघातात गेले होते. आता दिवसभर याच खोलीत पडून राहायचं, म्हणून फुलं तिनेच निवडली होती. पण भिंत खड्ड्याखळग्यांची. कागद लावणाऱ्याने साफ सांगितलं, की अशा भिंतीवर फुलं लावली तर एकेक उंचवटा वर दिसेल. आधी अस्तर हवं.

ते काम थोरलीने अंगावर घेतलं. तिने जुना रंग खरवडला, भेगांत पुट्टी भरली, पॉलिश पेपरने भिंत घासली. मग खळ लावून मला आडवा चिकटवला, म्हणजे माझे सांधे फुलांच्या उभ्या सांध्यांखाली येऊ नयेत. मी सुकून ताठ झालो. वाटलं, आता तरी कुणी बघेल. दुसऱ्याच दिवशी फुलं माझ्या छातीवर येऊन बसली.

पाहुणे यायचे, फुलांची वाहवा करायचे, धाकटीच्या निवडीला दाद द्यायचे. थोरली चहा देऊन मुकाट्याने आत जायची. तिला काय सलतंय, ते मला बरोबर कळायचं. मलाही तेच सलत होतं.

एकदा त्यांची मावशी म्हणाली, "धाकटीला दृष्टी आहे हो. थोरली आपली नुसती कामाची."

थोरली कप ठेवता ठेवता थांबली.

धाकटी म्हणाली, "मावशी, फुलं मी नुसती बोट दाखवून घेतली. भिंत ताईने केली. झोप लागत नाही तेव्हा मी हिच्यावरून हात फिरवत पडते. कुठेच खडबडीत लागत नाही. ताई इथेच बसलीये असं वाटतं."

थोरली म्हणाली, "चहा गार होतोय." पण त्या दिवशी ती आत गेली नाही; धाकटीच्या उशाशी बसून राहिली.

माझा मत्सर गेला का? खोटं कशाला बोलू, गेला नाही. धाकटीचा हात अजूनही आधी फुलांनाच लागतो. पण तो अडखळत नाही, ते माझ्यामुळे.

म्हणून एक मागणं आहे, मित्रांनो. फुलांचं कौतुक खुशाल करा, फक्त भिंतीत उगाच खिळा ठोकू नका. फुलं फाटली तर दुसरी आणता येतील. मी फाटलो तर मात्र थोरलीला पुन्हा सगळी भिंत घासावी लागेल, आणि आता तिचे खांदे दुखतात.