सगुणचा पाट

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. चवथीचा आदला दिवस. डिचोलीतल्या घरी, मूर्ती घडवायच्या आपल्या चित्रशाळेत सरस्वती शेवटच्या गणपतीचे डोळे रंगवत होती आणि तिची मास्तरीण लेक विनोदिनी मोठ्यानं वाचत होती. स्वीडनातली खुनाची कादंबरी, मराठीत आणलेली, चिऱ्याएवढी जाड.

“दर पानावर कॉफी! ह्यांना खून करायला सवड कधी मिळते गो?” दुसरीपर्यंत शिकलेल्या सरस्वतीच्या जिभेला धार मात्र पदवीधराची.

“आई, ऐक तर.”

बर्फातल्या त्या गावात थोरला भाऊ पोलिसाला सांगत होता, धाकटा शहरात गेला. पोलीस मात्र दारामागच्या खुंटीकडे बघत राहिला. धाकट्याची लोकरीची टोपी तिथंच होती.

“तीन पानं एका टोपीवर! लिहिणाऱ्याला घरी काम नव्हतं वाटतं.”

“अगं, त्या थंडीत टोपीशिवाय कोण बाहेर पडेल?”

सरस्वतीचा कुंचला थांबला.

सकाळपासून सगळ्या मूर्ती गेल्या होत्या. ही एकच उरली होती, सगुणची. सगुण म्हणजे तिच्या मुलाच्या, प्रवीणच्या, खनिजाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, दोडामार्गकडचा. महिन्यापूर्वी त्यानं बापाच्या वेळचा पाट आणून दिला होता. त्या पाटावर घडवलेला गणपती घेऊनच तो दरवर्षी गाव गाठायचा. आणि आज सकाळी प्रवीण म्हणाला होता, “सगुण परवाच गेला घरी, चवथीक.” गिऱ्हाइकांच्या गर्दीत तिनं ते कानाआड केलं होतं.

गणपती न घेता चवथीला घरी?

आठ दिवसांपूर्वीचं प्रवीण-सगुणचं भांडण तिला आठवलं. “बिनब्रेकची गाडी पाळी गावच्या उतारावर घालायला लावलीस, तर पोलिसांत जाईन,” सगुण ओरडला होता.

दुपारी प्रवीण जेवायला बसला.

“सगुणचा गणपती राहिला रे,” ती म्हणाली.

त्यानं ताटावरून मान उचलली नाही. “मोडून माती कर. पाट घाल चुलीत. कोण विचारीत आलं तर सांग, तो घेऊन गेला.”

दुसऱ्याचा पाट चुलीत घालायची भाषा ह्या घरात तीन पिढ्यांत कोणी केली नव्हती. प्रवीण ह्याच मातीत लोळून वाढलेला. पाट न्यायला आता कोणी येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“बरं,” म्हणून तिनं त्याला आणखी भात वाढला.

तो आत आडवा झाला तशी ती ठेवणीतलं लुगडं नेसली.

“कुठं?” विनोदिनी कुजबुजली.

“पोलीस स्टेशनात.”

“आई! तुझ्या पोटचा आहे तो!”

“सगुणलाही आवय आहे. उद्या फळापानांची माटोळी बांधून ती गणपतीची वाट बघत बसेल. तू वाच. मोठ्यानं वाच. मी इथंच ऐकत बसलेय, असं वाटू दे त्याला.”

सरस्वती मागल्या दारानं उतरली. वाट वळेपर्यंत लेकीचा आवाज तिच्या कानावर येत होता. मग आत प्रवीणची खाट करकरली, आणि विनोदिनीचा आवाज आणखी चढला.