वाळवीने खाल्लेला चौकोन

“अजी, चार दिवस झाले, त्या एका चौकोनाकडं पाहून राहिले तुमी. त्यातून का देव निघनार हाय?”

वच्छलाने चहाचा कप रंगाच्या डब्यांमध्ये ठेवला. रुपरावांचं लक्षच नव्हतं.

शहरातल्या महाल भागातल्या या चिंचोळ्या दुकानात त्यांनी तीस वर्षं नामांकित चित्रांच्या नकला केल्या होत्या. छापील चित्रावर चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तितकेच मोठे चौकोन आखायचे, आणि इथलं तिथे उतरवायचं. हात असा बसलेला, की गिऱ्हाइकाने थक्क व्हावं. पण मनातलं एक चित्र काढायचं म्हटलं, की त्याच हाताचं लाकूड व्हायचं.

या वेळी कुही गावच्या देवळासाठी लोणीचोर कृष्णाला पकडणारी यशोदा हवी होती. वडिलांच्या वेळचं कॅलेंडर होतं. एकशे ब्याण्णव चौकोन आखले, एकशे एक्याण्णव भरले. खालचा डावा कोपरा मात्र वाळवीने खाल्लेला, आणि रुपरावांचा फोन साधा, बटणांचा; त्यावर मूळ चित्र शोधायची सोय नव्हती.

“काय असन वं तिथं?”

“मले काय मालूम? लोणी हाय, लेकरू हाय, मंग मांजर असनच. आपली नाही का, दुधाची पिशवी फोडली का पायात हजर!”

रुपराव हसले. रंगाच्या फडक्यावर त्यांची फाटक्या कानाची मनी निजली होती. त्यांनी सहज ब्रश उचलला. दिवेलागणीला चौकोनात मनी बसली होती. मिशांना लोणी, एक डोळा यशोदेवर. मधे एकदाही पेन्सिल लागली नाही, हे नंतर त्यांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी देवळाचे पंच मनोहरराव टेम्पो घेऊन आले. चित्र पाहून त्यांनी हात जोडले, मग वाकून कोपरा बघितला आणि खिशातून मोबाइल काढला.

“हे पाहा ओरिजिनल. इथं तं नुसता अंधार हाय! मांजर कुठून आनली गा, रुपराव? काळा मारून टाका.”

गिऱ्हाइकाला रुपराव कधी नाही म्हणाले नव्हते. त्यांनी ब्रश काळ्या रंगात बुडवला. तो मनीच्या फाटक्या कानापाशी जाऊन थांबला.

“नाही होत माह्याच्यानं, भाऊ,” ते हळूच म्हणाले. “उद्या काल्याच्या कीर्तनात बुवांले पाहू द्या. ते म्हनले, तं तिथंच पुसतो.”

काल्याला रुपराव मंडपात मागे बसले. मांडीवरच्या पिशवीत काळ्या रंगाची डबी होती. बुवांनी येताना समोर लावलेलं चित्र निरखलं होतं आणि तसेच कीर्तनाला उभे राहिले होते. टाळ-मृदंग चढला. असं कीर्तन रंगलं की माणूस घरदार विसरतो. रुपराव मात्र पिशवी घट्ट धरून होते. गोपाळांनी लोणी लुटलं, यशोदेने कृष्णाचा कान धरला.

“तेव्हा देव काय म्हणाला?” बुवा थांबले, वळले आणि चित्राच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून लडिवाळपणे म्हणाले, “आई, मी नाही खाल्लं! तिच्या मिशा बघ!”

मंडप हसून हसून लोळला. बायकांच्या बाजूला वच्छलाने तोंडाला पदर लावला.

प्रसाद वाटताना बुवांनी रुपरावांच्या ओंजळीत काला ठेवला. “अभंग संतांचाच असतो, रुपराव. पण निरूपणात चार शब्द आपले नकोत का?”

“राहू द्या मांजर,” मनोहरराव म्हणाले. “पन लोक म्हनतीन, देवळात उंदीर लई झाले!”

दुसऱ्या दिवशी सरस्वतीच्या चित्राचं काम आलं. रुपरावांनी नव्याकोऱ्या छापील चित्रावर चौकोन आखले. मग कागदाचा तुकडा कापला, खळ लावली आणि मान वळवून, न बघताच, खालच्या कोपऱ्यातला एक चौकोन झाकून टाकला.

“अजी, हे काहून चिकटवलं?”

“वाळवी लागली त्याले,” रुपराव म्हणाले, आणि खळ वाळेपर्यंत त्या कागदावर तळहात दाबून बसून राहिले.