जोडीतली धाकटी चादर

मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. अंजनाबाई गेल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी डब्लिन नावाच्या दूरच्या शहरात एका ओल्या भिंतीवर टांगलेली होते.

मित्रांनो, चादर भिंतीवर कशाला, असं तुम्हाला वाटेल. ते पुढे येईलच. तो रविवार होता. सकाळचे दहा वाजले होते. आमची वनमाला, जिला घरात सगळे वनी म्हणतात, ती केस विंचरून माझ्यासमोर बसली होती. दर रविवारी याच वेळेला बीडजवळच्या मांजरसुंब्याहून तिच्या आईचा, अंजनाबाईंचा, फोन यायचा. त्या दिवशीही आला, पण पडद्यावर तिचे वडील एकटेच होते. त्यांच्या मागे घरातली हिरवी भिंत दिसत होती.

"अण्णा, आईला द्या की फोन," वनी म्हणाली.

भारत, म्हणजे तिचे वडील, यांनी फोन जवळ घेतला. मग म्हणाले, "कुणाला देऊ, वने?"

अंजनाबाई पहाटे गेल्या होत्या. त्या आजारी आहेत हेच वनीला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. पण चादरीला तोंड नसतं.

आता मुळापासून सांगते.

माझा जन्म सोलापुरातल्या एका यंत्रमागावर झाला. कापूस कुठल्या शिवारातला होता ते मला माहीत नाही. पहिलं आठवतं ते धोट्याचं इकडून तिकडे धावणं आणि त्या खडखडाटात आलेली गुंगी. माझ्याआधी त्याच मागावरून माझी बहीण उतरली. आम्ही दोघी एकाच लांब कापडात होतो. मग कात्री आली आणि आम्ही दोन झालो. ती थोरली, मी धाकटी. दोघींचा रंग डाळिंबी, त्यावर पांढरी फुलं. आम्हाला उलट बाजू नसते. उलटवलं की पांढऱ्यावर डाळिंबी फुलं दिसतात, एवढंच. लोक त्यालाही सुलटच म्हणतात.

बीडच्या बाजारात जाकीरभाईंच्या दुकानात आम्ही घडी होऊन पडून होतो. वनी जन्मली त्या वर्षी अंजनाबाई तिथे आल्या. त्यांना एकच चादर हवी होती.

"जोडी हाय ताई," जाकीरभाई म्हणाले. "फोडून देत न्हाई."

"दोन घेऊन काय करू? तीन तर मानसं आमी."

"आज तीन हाव. लेकरू काय एवढंच ऱ्हातंय का?"

अंजनाबाई हसल्या आणि दोघींना घेऊन गेल्या. घरी गेल्यावर त्यांनी माझ्या बहिणीच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे चार टाके घातले. ती भारत आणि अंजनाबाईंची. मी बिनटाक्याची, म्हणून वनीची.

ती वर्षं सुखाची गेली. भारतचं मांजरसुंब्याच्या चौकात चहा-नाष्ट्याचं छोटं हॉटेल आहे. घर त्याच्या मागेच. हमरस्त्यावरून ट्रक गेले की आमच्या दोरीवर वारा यायचा आणि आम्ही दोघी शेजारी शेजारी फुगायचो. वनीला मी पांघरलं, मी तिचा तंबू झाले, तिच्या तापात घामाने भिजले, तिच्या दहावीच्या पुस्तकांखाली अंथरले गेले. आठवड्याला धुणं आणि मग घडी. आमची घडी एकट्याने होत नाही. दोन टोकं आई धरायची, दोन लेक. मग दोघी चालत चालत जवळ यायच्या आणि टोकाला टोक लागायचं. त्या वेळी माझ्या अंगातून जी ऊब जायची, ती मी पुढे परदेशात कितीतरी वेळा आठवली.

वनीला पुढच्या शिक्षणासाठी आयर्लंडला जायचं ठरलं. हॉटेलातल्या तागडीवर तिची बॅग तीनदा तोलली. तिन्ही वेळा ती जड भरली. वनीने मला बाहेर काढलं.

"आई, तिकडं सगळं मिळतं. हिचंच वजन लई होतंय."

अंजनाबाईंनी बॅगेतून लोणच्याची बरणी काढली आणि मला परत आत दाबलं.

भारत म्हणाले, "आगं, जोडी फुटतीय."

"फुटू द्या. एक तिच्यापाशी, एक आपल्यापाशी. ती पांघरली की मला कळंल."

मित्रांनो, ही काही वेडी समजूत नव्हती. समुद्रापार गेल्यावरही झोपेत मला बहीण दिसायची. ती दोरीवर असली की माझ्या धाग्यांना उन्हाचा वास यायचा. तो मला भास वाटायचा, पण यायचा.

आता डब्लिनची खोली. फोटोत ती मोठी आणि पांढरीशुभ्र होती. प्रत्यक्षात मधोमध लाकडी फळी ठोकून एकीच्या दोन खोल्या केल्या होत्या. घरात सहा मुली, न्हाणी एक, गॅसच्या चार शेगड्यांतल्या दोन चालू. आमच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती रंगाने चिकटून कायमची बंद झाली होती. भिंतीला ओल होती. नोव्हेंबरात ती काळी पडायला लागली. आधी ठिपके, मग डाग, मग एखादा ढग खाली उतरावा तशी पसरली. छतातून एका बादलीत पाणी ठिबकायचं. घरमालकाला फोन केला की तो म्हणायचा, खिडकी उघडी ठेवत जा.

वनीची खोलीतली सोबतीण उज्मा ही परळीची. परदेशी शिकायला पाठवणाऱ्या एकाच ऑफिसातून दोघी आल्या होत्या. ती म्हणायची, "वने, ह्या घरापरिस आमच्या परळीचा एसटी स्टँड बरा गं. तिथं निदान वारं तरी येतंय."

घर बदलायचं तर दुसरं मिळत नव्हतं. आणि आईला सांगायचं तर आई म्हणणार, चल, परत ये. वनीला परत जायचं नव्हतं. घराण्यात एवढं शिकायला निघालेली ती पहिलीच होती.

म्हणून एका रविवारी तिने भिंतीत दोन खिळे ठोकले आणि मला काळ्या डागावर टांगलं.

उज्मा बघतच राहिली. "हे काय? भितीला शालू नेसवतीस काय गं?"

"गप बस. आईचा फोन येतोय. अन् ती बादली सरकव तिकडं."

अंजनाबाईंनी मला पडद्यावर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं बया! आपली चादर! खोली कशी झाक दिसतीय. पन मग पांघरतीस काय?"

"जाड रजई हाय आई. लई ऊब हाय."

रजई नव्हती. फोन ठेवला की वनी मला खाली काढायची आणि जाकीट घालून माझ्यात गुरफटून झोपायची. माझी एक बाजू तिच्या अंगाला लागून गरम असायची, दुसरी भिंतीच्या ओलीने गार. मी अर्धी जागी, अर्धी स्वप्नात असायचे. स्वप्नात चौकातून ट्रक जायचे आणि मी फुगायचे.

बादलीत टप्प असा आवाज व्हायचा तेव्हा अंजनाबाई विचारायच्या, "कसला आवाज गं?"

"काई न्हाई, उज्मा भांडी घासतीय."

उज्मा खाटेवर पडल्या पडल्या डोळे मोठे करायची.

जानेवारीच्या एका रविवारी फोन लागला आणि मी थरारले. पडद्यावर अंजनाबाईंच्या मागे माझी बहीण टांगलेली होती. कोपऱ्यात निळे टाके दिसत होते.

"आई! तूबी चादर लावलीस?"

"मग! तू तिकडं लावलीस, म्हनलं आपुनबी लावावी. सारखं दिसतंय का आपलं घर?"

वनी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आईने लेकीच्या मायेपायी केलं. तेही खोटं नव्हतंच. पण मी बहिणीकडे बघत होते. तिच्या अंगावर उभ्या रेघा उमटल्या होत्या, एकीशेजारी एक, सारख्या अंतराच्या. चादर गजांना बांधली की अशा रेघा पडतात. मांजरसुंब्याच्या घरात हिरव्या भिंतीला गज नाहीत. गज दवाखान्याच्या खिडकीला असतात.

मागून चाकांचा खडखड आवाज आला. वनीने विचारलं, "आई, कसला आवाज?"

"काई न्हाई गं. शेजारी भांडी घासतेत."

मित्रांनो, दोघींनी एकच खोटं निवडलं होतं. मायलेकीच त्या. मी सगळं बळ एकवटलं. खिळ्यावरून खाली पडावं, काळी भिंत उघडी पडावी, मग लेक खरं बोलेल आणि आईही बोलेल, असं मला वाटलं. पण खिळे पक्के होते. असे चार रविवार गेले. दर वेळी अंजनाबाई थोड्या बारीक दिसायच्या, आणि वनी म्हणायची, "आई, उपास लई करतीस तू." दर वेळी वनी खोकायची, आणि अंजनाबाई म्हणायच्या, "थंडगार पानी पीत जाऊ नको."

पाचव्या रविवारी काय झालं ते मी सुरुवातीला सांगितलं.

वनी त्याच दिवशी निघाली. बॅग भरायचं भान तिला नव्हतं. तिने मला भिंतीवरून ओढून अंगावर घेतलं. उज्माने तिच्या पायांत बूट घातले आणि विमानतळापर्यंत तिचा हात धरून बसली. एकदाही थट्टा केली नाही. विमानात मी वनीला पांघरलं होतं. खाली ढग होते. तेवढ्या वेळात मला बहिणीचा वास आला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. दोन दिवस अंत्यविधी थांबवता आला नव्हता.

चार-पाच दिवसांनी शेजारच्या भिवराबाईंनी मला उन्हात घालायला उलगडलं आणि त्या थबकल्या. "आगं बया, हे काय काळं? जाळली का काय चादर?"

भारत पुढे आले. त्यांनी डागावर हात फिरवला, वास घेतला. "जाळली न्हाई. ही वल हाय. भितीची वल." मग लेकीकडे बघितलं. "वने, कसल्या घरात ऱ्हातीस तू?"

तेव्हा वनीने सगळं सांगितलं. फळीची भिंत, बंद खिडकी, बादली. भारत दगडावर बसले. त्यांनीही सांगितलं. बीडचा दवाखाना, पाच आठवडे, खिडकीचे गज.

वनी ओरडली, "मला कावून न्हाई सांगितलं, अण्णा? मी आले असते!"

"म्हनूनच न्हाई सांगितलं. शिक्षान सोडून येशील म्हनून तिनं मला शपथ घातली. चादर मीच बांधायचो. वार्डातल्या मानसांना म्हनायचो, दहा मिन्टं गप ऱ्हावा, माझ्या लेकीचा फोन हाय."

"मला तिला बघायला तरी मिळालं असतं."

भारत खाली बघत म्हणाले, "व्हय. मी शपथ पाळली. चुकलो का काय, मला कळंना झालंय."

भिवराबाई आत गेल्या आणि त्यांनी चहा ठेवला.

वनीने मला दोनदा धुतलं. डाग फिकट झाला, गेला नाही. वाळल्यावर ती मला घेऊन अंगणात उभी राहिली आणि इकडे तिकडे बघायला लागली. समोरची दोन टोकं धरायला कुणी नव्हतं. भारत उठून आले.

"असं न्हाई अण्णा, उलटी धरली तुमी."

"हिला उलट-सुलट असतंय का?"

"न्हाई," वनी म्हणाली. "आता चला माझ्याकडं."

ते चालत आले. टोकाला टोक नीट लागलं नाही. घडी वाकडी झाली. पण झाली.

"दुसरी कुठं हाय?" वनीने विचारलं.

भारतने कपाटाच्या माथ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक पिशवी होती, तोंड गाठ मारून बंद. दवाखान्यातून आणली तशीच. तीत अंजनाबाईंचं लुगडं, फणी आणि माझी बहीण.

"सोडू?"

"आज नको. तू जायच्या आदी सोडू."

वनी गेली तरी गाठ सुटली नाही. जायच्या दिवशी दोघंही पिशवीकडे न बघता कपाटासमोरून ये-जा करत राहिले.

मी पुन्हा डब्लिनला आले आहे. मला आता कुणी टांगत नाही. खिळे रिकामे आहेत. मागच्या रविवारी वनीने फोन उलटा करून भिंत वडिलांना दाखवली. सगळी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. बादलीही दाखवली.

"लई वल हाय गं," भारत म्हणाले.

"व्हय अण्णा. उज्मा अन् मी दुसरी खोली बघतोय. मिळंपर्यंत हितंच."

"मिळाली न्हाई तर सांग. लपवू नको."

"न्हाई लपवत. तुमी जेवलाव का?"

"आज न्हाई जेवलो," भारत म्हणाले. खरं बोलले.

मित्रांनो, मी चादर आहे. माझं काम माणसाला ऊब देण्याचं. मला उन्हात घाला, कोरडी ठेवा, दोघांनी मिळून माझी घडी करा. पण भिंत झाकायला मला लावू नका. चादर कुजते आणि भिंत आहे तशीच राहते. तुमच्या माणसांना तुमची भिंत दाखवा आणि त्यांचीही बघायला मागा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

अलीकडे झोपेत मला बहिणीकडचा वास पुन्हा येऊ लागला आहे. उन्हाचा नाही, औषधांचा. त्या रविवारी फोन ठेवण्याआधी भारतनेही आपला फोन वर उचलून लेकीला कपाटाचा माथा दाखवला. पिशवी तिथेच आहे. तिची गाठ अजून कुणी सोडलेली नाही.