महिपतच्या पायातला चाळ

मित्रांनो, मी एक जुना चाळ आहे. मुंबईत भाडेकरू राहतात ती चाळ नव्हे हं! नाचणाऱ्याच्या पायात बांधतात तो मी, पितळी घुंगरांचा चाळ. माझी घुंगरं आता काळवंडली आहेत, काही तर मुकीच झाली आहेत. तरी मला नुसतं हलवलंत तर मी अजून बोलतो.

माझी घुंगरं महाडच्या बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानात डब्यात पडून होती. एके दिवशी महिपत नावाचा तरुण गडी दुकानात आला. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला एक वाडी आहे, तिथला तो. त्याने एकेक घुंगरू कानाशी धरून वाजवलं, बद्द आवाजाची बाजूला काढली आणि उरलेली पंचात बांधून नेली. घरी ओटीवर बसून त्याने स्वतःच्या हातांनी ती जाड सुती दोरीत ओवली. असा माझा जन्म झाला.

त्या वाडीत गणपतीत जाखडीचा नाच व्हायचा. मधोमध गाणारे आणि मृदंगवाला बसत. त्यांच्याभोवती गडी गोल धरत, प्रत्येकाच्या एका पायात चाळ. महिपत सर्वांत पुढे असे. मृदंगावर थाप पडली की त्याचा पाय उचले आणि मी खणकन बोलत असे. बाया म्हणत, "घामानं न्हालाय मेला, पण पाय काय चुकत नाय गो!" त्याची बायको सोनाबाई हे ऐकून उगीचच दुसरीकडे बघत असे. पण तिचे कान माझ्याकडे असत, हे मला ठाऊक होतं.

फार सुखाचे दिवस होते ते. दिवसभर नांगर धरणारा, डोक्यावर ओझं घेऊन घाट चढणारा तो माणूस नाचायला उभा राहिला की वाऱ्यासारखा हलका होई.

मग सत्तरची सालं आली. वाडीतले तरुण एकेक करून मुंबईला गेले. गणपतीत येताना ते टेपरेकॉर्डर घेऊन येऊ लागले. नाचाला गडी कमी पडू लागले, गोल पुरा होईना. एका वर्षी मृदंगाचं कातडं फाटलं ते कोणी बदललंच नाही. महिपतने मला स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवलं. चुलीच्या धुराने मी काळा पडत गेलो. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. तिथून मला घरातलं सगळं दिसे, पण मी मात्र कुणाला दिसत नव्हतो.

शेजारच्या घरात महिपतचा थोरला भाऊ चांगू राहत असे. शेतीकाम सुटल्यापासून तो दिवसभर ओटीवर बसून असायचा. तो आधी बैलांची नावं विसरला, पुढे पोटच्या मुलीचा चेहरा विसरला. त्याला म्हातारचळ लागला म्हणून लोक हसत. एका दुपारी तो कुणाला न सांगता घरातून निघाला. सगळ्या वाडीने रानं पालथी घातली. अखेर घाटाखालच्या ओढ्यात तो सापडला, पण जिवंत नाही.

महिपतने त्याची धास्तीच घेतली. एकदा भाकरी पुढ्यात तशीच ठेवून तो सोनाबाईला म्हणाला, "माझंबी असंच व्हायचं नाय ना गो?"

"काय तरीच बोलताव! जेवा गुमान," सोनाबाई म्हणाली. पण तिनेही आपली भाकरी तशीच झाकून ठेवली.

महिपतच्या मुलाचं नाव दत्ताराम. महाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याला एका कारखान्यात नोकरी लागली. मुलगा गुणाचा होता. पहिल्या काही पगारांतच त्याने बापासाठी आरामखुर्ची आणली, रेडिओ आणला. बैल विकले, जमीन अर्ध्या वाट्याने दुसऱ्याला कसायला दिली. "आबा, जन्मभर राबलात. आता बसून खायचं," तो म्हणाला. वाडीत त्याचं किती कौतुक झालं!

महिपत बसला. सुरुवातीला तो रेडिओ ऐके. मग रेडिओ बंद असला तरी त्याच्याकडेच बघत बसू लागला. जेवून हात धुतले की विचारी, "मी जेवलो काय गो?" शकू नावाच्या सुनेला तो आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारी. दत्ताराम घाबरला. त्याने अंगणाच्या फाटकाला बाहेरून कडी लावून घेतली. "काकांसारखं व्हायला नको," तो म्हणाला. त्यातही मायाच होती, मित्रांनो. पण कडी ती कडीच.

शेवटी सोनाबाई नवऱ्याला एसटीत बसवून महाडला डॉक्टर मुकादमांकडे घेऊन गेली. परत आली ती घरात पाऊल टाकताच मुलाला म्हणाली, "डागतर म्हणतात, याला पक्कं औषध नाय. छाती तपासली, ती घट्ट हाय. पण याला बसवून ठेवू नका म्हणाले. दम लागंल इतकं रोज हलवा. काळीज जोरात चाललं म्हणजे डोक्यालाबी रगत पोचतं. गुण येईलच असं नाय म्हणाले, पण बसून ऱ्हायला तर हाय तेबी जाईल."

"आणि दम लागून काही झालं तर?" दत्ताराम म्हणाला. "घाटाकडे निघून गेले तर? लोक हसतील आये आपल्याला."

"चांगूभावजींना बसल्या जागी हसलेच ना लोक? ह्यांना चालताना हसू देत."

दुसऱ्या दिवशी तिने फाटकाची कडी काढली. महिपत फाटकापर्यंत गेला आणि माघारी येऊन खुर्चीत बसला. "कुठं जायाचंच नाय, तर चालू कशाला?" असं रोज होऊ लागलं. ती समजावी, रागावी, एकदा तर रडलीसुद्धा. तो हलेना.

मग एका दुपारी तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला खुंटीवरून काढलं, चिंच आणि राख लावून खसाखसा घासलं. किती वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडलं! महिपतपुढे उकिडवी बसून तिने मला त्याच्या पायात बांधलं.

"गणपती आलं काय?" त्याने विचारलं.

"गणपतीला अवकाश हाय. उठा तुम्ही."

तिने पत्र्याचा डबा उलटा घेतला आणि त्यावर थापा मारू लागली. महिपत उभा राहिला, पण पाय उचलेना. मी गप्पच. सोनाबाईचा ठेका अगदीच वेडावाकडा होता. तरी ती वाजवतच राहिली. महिपतच्या कपाळाला आठी पडली.

"चुकतंय गो! असा नाय ठेका."

"मग कसा? मला बाईमाणसाला काय ठावं?"

"असा!" म्हणत त्याने पाय आपटला. मी खणकन वाजलो. पुन्हा आपटला, मग दुसरा पाय उचलला, कमरेत वाकला, गिरकी घेतली. अंगणात धूळ उठली. तो धापा टाकत पायरीवर बसला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता आणि तो हसत होता. सोनाबाईने मात्र डब्यावर डोकं टेकलं होतं.

एवढ्यात दत्ताराम पाळी संपवून आला. त्याने पिशवी टाकली आणि धावत येऊन माझी गाठ सोडू लागला. "आबा, पुरे झालं. बसा बघू खुर्चीत."

महिपतने त्याचा हात धरला. "बसून बसून चांगू गेला रे. मला नाय बसायचं."

दत्तारामने बापाच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याने माझी ढिली झालेली गाठ पुन्हा घट्ट बांधली.

पुढे खळ्यावर रोज संध्याकाळी माझा आवाज येऊ लागला. तो ऐकून जुन्या गोलातला जानू आला, काठी टेकत सोमा आला. आपापले चाळ शोधून काढून आणखी म्हातारे आले. नव्या कातड्याचा मृदंग आला. सुरुवातीला कुंपणाशी उभे राहून लोक हसले खरे. पण पुढे त्यांना त्याचीही सवय झाली. सकाळी हीच मंडळी आंबेनळीच्या रस्त्याने चढापर्यंत झपाझप चालून येत.

एका गणपतीत या म्हाताऱ्यांनी मुंबईकरांसमोर नाच धरला, तेव्हा पोरांनी आपणहून टेपरेकॉर्डर बंद केला. गोलात शिरलेले दोघे-तिघे मुंबईकर धापा टाकत बाहेर पडले. महिपत मात्र आरती होईपर्यंत नाचत होता.

जादू झाली, असं मी म्हणणार नाही. महिपत चष्मा कुठे ठेवला ते विसरायचा, वार चुकायचा. पण शकूला तो शकूच म्हणू लागला. पोलादपूरच्या बाजाराला एकटा जाऊन एकटा परत येऊ लागला. सारं नाचामुळेच झालं की कशामुळे, मी पितळेचा तुकडा काय सांगणार? एवढं मात्र मी पाहिलं आहे, की बरीच वर्षं तो असा जगला. मग साध्या तापाचं निमित्त होऊन तो गेला. जाताना त्याने सोनाबाईला नावाने हाक मारून पाणी मागितलं, आणि तिच्या हातून ते प्यायला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी आजी-आजोबा असतील. त्यांना बसायला मऊ गादी जरूर द्या, पण तिच्यावर त्यांना ठेवून विसरून जाऊ नका. आम्हा जुन्या वस्तूंना पडून राहिलं की जळमटं लागतात. माणसांची जळमटं डोळ्यांना दिसत नाहीत, एवढाच फरक. त्यांचा हात धरा, त्यांच्याबरोबर चाला, त्यांना थोडा दम लागू द्या.

महिपत गेल्यावर सोनाबाई ओटीवर एकटी बसून राहू लागली होती. आता दत्तारामचे केस पिकू लागले आहेत. पाळीवरून आला की तो चपलासुद्धा काढत नाही. दारातूनच हाक मारतो, "आये, चल."

"आज गुडघं लय दुखतात रे," ती कुरकुरते. "उद्या जाऊ."

तो नुसता हात पुढे करून उभा राहतो. ती पदर खोचते, आणखी थोडी कुरकुरते, आणि उठते.